अर्धा फेरा

डाव्या दाराच्या अंधारात आधी काठी शिरली, मागोमाग लक्ष्मणराव शिरले, आणि भावनाने मोबाइलवरचं घड्याळ चालू केलं. मग ती मंडपातल्या खांबाला पाठ टेकून बसली आणि कान देऊन ऐकू लागली. काठीची टक, मग डावा पाय फरशीवर घासत येण्याचा आवाज, मग उजव्या पायाचं भरीव पाऊल. टक, घास, पाऊल. माणूस दिसत नसला तरी त्याचा डावा पाय आज किती उचलतोय, हे तिला त्या मधल्या आवाजावरून कळे. आज तो जरा आखूड होता. तिने वहीत तसं लिहून ठेवलं.

आंधळगावाबाहेर, तलावाच्या काठी महादेवाचं हे दगडी देऊळ. गाभाऱ्याभोवती दोन भिंतींच्या मधून बंदिस्त वाट फिरवलेली. मंडपातून डाव्या दाराने आत शिरायचं, गाभाऱ्याला वळसा घालायचा आणि उजव्या दाराने बाहेर पडायचं, अशी बांधणाऱ्याची योजना असावी. वर दगडी छत, झरोका एकही नाही. सकाळी गुरव पूजा उरकून गेला की दिवसभर तिथे चिटपाखरू फिरकत नसे. लकव्याच्या माणसाला चालायला शिकवायला देवळात कशाला आणायचं, असं कुणी म्हणेल. पण भावनाला विचाराल तर अख्ख्या तालुक्यात याहून बरी जागा नव्हती. फरशी सपाट, ऊन नाही, कुत्री नाहीत, ट्रॅक्टर नाही, आणि मुख्य म्हणजे तोल गेला तर दोन्ही हातांना दोन भिंती. दवाखान्याच्या व्यायामाच्या खोलीत दोन लोखंडी दांड्यांच्या मधून माणसाला चालवतात, तसलीच ही सोय, फक्त कितीतरी लांब.

लक्ष्मणराव जातीचे कोष्टी. साठ वर्षं त्यांनी कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणलं. त्यांचा माग जुन्या पद्धतीचा, जमिनीत खड्डा खोदून बसवलेला. काठावरच्या फळीवर बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे आणि पायाखालच्या पट्ट्या आळीपाळीने दाबत राहायचं. आषाढात एका सकाळी ते फळीवरून उठायला गेले तर डावा पाय खड्ड्यातच राहिला. हातही गेला. बोलणं मात्र शाबूत होतं, आणि ते आधीही कमी नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यातून भावना मंगळवारी आणि शुक्रवारी येऊ लागली तेव्हा गावाने तिला 'कसरतवाली मॅडम' करून टाकलं. लक्ष्मणराव तिला मॅडमबाई म्हणत. साठ वर्षं पायानं माग चालवला, आता तुम्ही त्याच पायाला पुन्हा पहिलीत बसवलंत, असं ते तिला ऐकवायचे आणि आपणच हसायचे.

भावना लाखनीची. घरात जयभीम, वडील शाळामास्तर, आजोबा मजूर. असल्या देवळाच्या पायरीपासून आजोबांना किती लांब थांबावं लागे, ते तिने लहानपणी ऐकलं होतं. पहिल्या दिवशी ती पायरीशी घुटमळली तेव्हा लक्ष्मणरावांच्या बायकोने, विमलाबाईंनी, आपल्या लुगड्याच्या पदराने मंडपातली धूळ झटकली आणि बस म्हणून सांगितलं. कुणी काही बोललं नाही. कुणी काही बोललं नाही, हे भावनाने लक्षात मात्र ठेवलं. ती हात जोडत नसे, आणि विमलाबाई त्याबद्दलही कधी बोलल्या नाहीत.

खरी घाई होती ती संक्रांतीची. भाद्रपदात विमलाबाई पाणी भरायला गेल्या असताना लक्ष्मणराव एकटेच उठले आणि मागाच्या खड्ड्यात पडले. बाईंना ते उचलवेनात. शेजारच्या पुष्पाबाई शेतातून येईपर्यंत नवरा खड्ड्यात आणि बायको काठावर, असे दोघं बसून राहिले. दुसऱ्या दिवशी नागपूरहून मुलगा आला. धर्मेंद्र काही वाईट मुलगा नव्हता. बापाच्या पाठीवरचं काळंनिळं पाहून तो रडला, आणि रडून झाल्यावर त्याने निकाल देऊन टाकला. संक्रांतीपर्यंत बाबा कुणी न धरता चालू लागले तर दोघांनी इथे राहावं. नाही तर तो दोघांना आपल्या चौथ्या मजल्यावरच्या घरी नेणार आणि माग खणून काढून खड्डा बुजवणार. मॅडमनी कागदावर लिहून दिलं तरच तो मानणार होता. दवाखान्याचा एक छापील फॉर्म होता. त्यात तीन चौकोन होते: चालता, आधाराने चालता, अंथरुणावर.

"तठी मोठी खिडकी हाये म्हनते," लक्ष्मणराव एकदा भावनाला म्हणाले होते. "खिडकीले काय करू मी?"

एरवी थट्टेवर नेणारा माणूस, पण त्या दिवशी ते हसले नाहीत.

पहिल्याच दिवशी भावनाने फीत काढून वाट मोजायला घेतली, तेव्हा विमलाबाईंनी तिला मागून हाक मारून अडवलं होतं. गाभाऱ्यातल्या पिंडीवरचं पाणी उजव्या अंगाच्या भिंतीतून बाहेर येतं आणि दगडी नालीतून ती वाट आडवी कापून तलावाकडे जातं. नाली हातभर रुंद, चार बोटं खोल. पण महादेवाचं पाणी ओलांडायचं नाही. डाव्या दाराने जायचं, गाभाऱ्याच्या मागून फिरून नालीपाशी थांबायचं, तिथूनच माघारी वळायचं आणि डाव्याच दाराने बाहेर यायचं. नालीपासून उजव्या दारापर्यंतचा आठ पावलांचा तुकडा तसाच सोडायचा. भावनाने मग वाट दोनदा मोजली, एकदा इकडून नालीपर्यंत आणि एकदा तिकडून नालीपर्यंत, आणि बेरीज करून टाकली.

तिला हे पटलं नव्हतं. ती आईचं बोट धरून दीक्षाभूमीला गेलेली. तिथे फेरी म्हणजे पुरी फेरी. आठ पावलांवर दार असताना माणसाने उलटं का फिरावं? पण तिचा खरा राग वेगळाच होता. लकव्याचा माणूस सरळ चालताना सहसा सावरतो. पडतो तो बहुतेकदा वळताना. दुबळा पाय मागे राहतो, अंग पुढे जातं आणि सगळा डोलारा कोसळतो. ज्या वाटेला वळायची गरजच नाही त्या वाटेत, मिट्ट काळोखात, ओल्या फरशीवर हे म्हातारबा दर खेपेला उलटे फिरत होते. ती नालीपाशी उभी राहते म्हणाली तर लक्ष्मणराव ऐकेनात. संक्रांतीला काय मॅडमबाई आत येऊन उभ्या राहणार आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोट काढता येत नव्हती.

दुसरा आवाज तिने पहिल्यांदा ऐकला तो कार्तिक संपताना. नेहमीसारखी ती खांबाशी बसली होती. टक, घास, पाऊल गाभाऱ्याच्या मागे गेलं, क्षीण झालं, मग उजव्या अंगाला येऊन पुन्हा स्पष्ट झालं. लक्ष्मणराव नालीच्या रोखाने येत होते. आणि त्याच वेळी तिच्या अगदी जवळून, उजव्या दाराच्या आतून, दुसरी टक आली. घास. पाऊल. दोन्ही आवाज एकमेकांकडे चालत गेले. मग थांबले. मग लक्ष्मणराव वळल्याचा ओळखीचा खरखराट झाला, आणि इकडचा आवाजही वळला आणि उजव्या दाराकडे येऊ लागला. भावना दाराकडे बघत राहिली. आठ पावलं झाली, नववं पडलं नाही, आणि दारातून कुणी आलं नाही.

दगडी बोळात आवाज घुमणारच, असं तिने स्वतःला सांगितलं. शिकलेली मुलगी, तिने खात्रीही करून घेतली. लक्ष्मणरावांना मंडपात बसवून ती अनवाणी स्वतः आत गेली. नालीपर्यंत पोचली तेव्हा समोरून, पाण्याच्या पलीकडून, कुणीतरी हलक्या पायाने येत होतं. ती थांबली. पलीकडे एक पाऊल जास्त पडलं, आणि मग ते थांबलं. तिने मोबाइलचा उजेड टाकला. समोर ओली फरशी, दगडी भिंत आणि पुढे उजव्या दाराची उजळ चौकट, बाकी काही नाही. ती माघारी वळून बाहेर आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपणही नाली ओलांडली नाही. आठ पावलांवर दार होतं आणि आपण उलटे फिरलो, याची तिला स्वतःचीच लाज वाटली. त्यानंतर बरेच दिवस ती एकटी आत गेली नाही.

लक्ष्मणरावांना तिने विचारलं, तेही सहज विचारल्यासारखं करून. त्यांनी थट्टा केली नाही. म्हणाले, समोरून येते कोणीतरी, पाण्यापाशी थांबते.

"अन् मंग?"

"मंग काही नाई. मी फिरलो का थोही फिरते. मले रस्ता मागून राहिला असन्, असं वाटते कधी कधी."

म्हाताऱ्या माणसाचा मेंदू, त्यात लकवा. भावनाने त्याचीही नोंद केली, आणि ती नोंद डॉक्टरांना दाखवायची राहून गेली.

पौष आला तसं लक्ष्मणरावांचं चालणं खरंच सुधारलं. काठी नेमकी पडू लागली, घास अर्ध्यावर आला. विमलाबाई सहा महिने त्यांच्या डाव्या हाताखाली खांदा देऊन चालत आल्या होत्या. आता देवळापर्यंत त्या नुसत्या सोबत चालत. दोघांच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला. माग झटकून ठेवला आहे, अशी बातमी बाईंनी भावनाच्या कानावर घातली. आणि संक्रांतीच्या आदल्या शुक्रवारी, नालीपाशी वळताना, लक्ष्मणराव पडले.

भावना आणि विमलाबाई धावत आत गेल्या. फार लागलं नव्हतं. डावं कोपर सोलून निघालं होतं. पण मंडपात आणून बसवल्यावर ते कुणाकडे बघत नव्हते. पाच दिवस उरले होते. इतक्या महिन्यांची मेहनत, या दोघांचं घर, आणि सगळं जाणार ते एका हातभर नालीपायी. भावनाला वाटलं, आता भीड धरली तर आपण कसल्या कसरतवाल्या.

"काकाजी, तुम्ही चालताना नाही पडत. फिरताना पडता," ती म्हणाली. "फिरूच नका न. सरळ जा, सामने दार आहे."

"सत्तर वर्षांत नाई वलांडलं."

"मी फळी टाकते त्याच्यावर. पाण्याले पायच नाही लागणार तुमचा."

लक्ष्मणरावांनी उजव्या हाताने कोपरावरचं रक्त पुसलं. मग त्यांनी मान वर केली.

"वलांडलं तं राहू आमी घरी? नक्की सांगा, मॅडमबाई."

"नक्की राहाल," भावना म्हणाली.

घरी जाताना विमलाबाई मागे रेंगाळल्या. नवरा ऐकणार नाही एवढं अंतर पडल्यावर त्यांनी भावनाचं मनगट धरलं.

"अर्धा फेरा आपला, पोरी. उरलेला आपला नसते."

कोणाचा असतो, असं भावनाने विचारलं, तोवर त्या नवऱ्यामागे चालू लागल्या होत्या. पण मंगळवारी मागावर बसायची ती जुनी फळी त्यांनीच पुसून तिच्या हातात ठेवली. साठ वर्षं बसून बसून ती फळी मधोमध खोलगट झालेली. घर सोडायचं नव्हतं ते काही एकट्या लक्ष्मणरावांना नव्हतं. भावनाने डाव्या दाराने जाऊन फळी नालीवर आडवी बसवली, हलत नाही ना ते हाताने दाबून पाहिलं, आणि आली त्याच वाटेने परत आली. त्या दिवशी तिने लक्ष्मणरावांना चालवलं नाही. सोललेलं कोपर आणि खचलेलं मन, दोन्हींना एक दिवस विसावा असू द्यावा, असा तिचा हिशेब होता.

संक्रांतीच्या दुपारी धर्मेंद्र गाडी घेऊन थेट देवळाशीच आला. आईला, बापाला, मॅडमना त्याने तिळगूळ दिला. बापाची दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा. धर्मेंद्रने फॉर्म भावनाच्या हातात दिला आणि मोबाइल काढून उभा राहिला. हे त्याला बायकोला दाखवायचं होतं. तो मनातून बाप पास व्हावा म्हणूनच आला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. भावनाने त्याला उजव्या दाराशी उभं केलं. विमलाबाई तिकडे गेल्या नाहीत. त्या डाव्या दाराशीच थांबल्या.

लक्ष्मणरावांनी काठी उजव्या हातात सारखी केली आणि बायकोकडे पाहिलं.

"आलोच," ते म्हणाले, आणि आत शिरले.

टक, घास, पाऊल. भावना दोन्ही दारांच्या मध्ये उभी राहून ऐकत होती. चाल इतकी सुरेख पडत होती की तिला अभिमान वाटला. आवाज मागे गेला, क्षीण झाला, पुन्हा उजव्या अंगाला आला. आणि ज्याची तिला भीती होती तेही आलं. इकडून, धर्मेंद्रच्या पायांपासून हातभर अंतरावरून, दुसरी टक निघाली आणि आत चालत गेली. तिने धर्मेंद्रकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये चौकट नीट बसवत होता. बापाच्या चालण्याखेरीज त्याला काही ऐकू येत नसावं. दोन्ही आवाज जवळ जवळ गेले.

फळी वाजली. लाकडावर काठी पडल्याचा आवाज, लगेच दुसरा, पलीकडच्या टोकावरून. मग काहीच नाही. भावनाच्या हातातल्या मोबाइलवरचं घड्याळ पळत होतं, पाच सेकंद, आठ, अकरा. मग पुन्हा एक टक, एक घास, एक पाऊल, आणि ते उजव्या दाराकडे येऊ लागलं. एकच चाल होती. भावनाने श्वास सोडला.

उजव्या दारात काठी आली आणि लक्ष्मणराव बाहेर आले. कुणाचा हात नाही, भिंतीला टेका नाही. उंबरा त्यांनी न अडखळता ओलांडला. धर्मेंद्रने मोबाइल खिशात कोंबला आणि पुढे होऊन बापाला मिठी मारली.

भावना टाळ्या वाजवणार होती. तिचे हात अर्ध्यावर राहिले. काठी डाव्या हातात होती. घासत होता तो उजवा पाय.

आपणच समोर उभे आहोत म्हणून उलट दिसतंय, असं तिला वाटलं, आणि तिने खुळ्यासारखे स्वतःचे हात वर करून डावा-उजवा पाहिला. मग तिने वही उघडली. भाद्रपदापासून प्रत्येक पानावर डावी बाजू, डावी बाजू, तिच्याच अक्षरात. तिने लक्ष्मणरावांना पायरीवर बसवलं आणि आपली बोटं त्यांच्या दोन्ही तळव्यांत दिली. दाबा, म्हणाली. सहा महिने ज्या डाव्या हातात चहाचा कप ठरला नव्हता, त्याने तिची बोटं अशी आवळली की ती कळवळली. उजवा हात तिच्या तळहातावर नुसता पडून राहिला. सदऱ्याची बाही तिने वर केली. शुक्रवारच्या जखमेची खपली उजव्या कोपरावर होती.

"काकाजी, नाव सांगा तुमचं."

ते तिच्याकडे सौम्यपणे बघत राहिले. परक्या घरी आलेला पाहुणा बघतो तसे. ओठ हलले, शब्द आला नाही. उजव्या अंगाचा लकवा पुष्कळदा बोलणंही घेऊन जातो, हे तिला शिकवलेलं होतं. आत काळोखात नवा झटका आला असता तर उजवं अंग गेलं असतं. पण जगातला कुठलाही झटका गेलेलं डावं अंग परत देत नाही, आणि खपलीची जागा बदलत नाही. भावना घाबरली. त्या भीतीखाली आणखी एक गोष्ट होती, ती जास्त वाईट होती. नक्की राहाल, हे तिनेच सांगितलं होतं.

"धर्मेंद्रभाऊ," ती म्हणाली, "जरा इकडे या."

तेवढ्यात विमलाबाई आल्या. इतका वेळ त्या डाव्या दाराशीच उभ्या होत्या. सवयीने त्या नवऱ्याच्या डाव्या बाजूला गेल्या, खांदा द्यायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. घाईने पाहिलं नाही. पन्नास वर्षांच्या संसारात जेवढं पाहायचं राहून गेलं होतं तेवढं एकदम पाहिल्यासारखं पाहिलं. त्यानेही त्यांच्याकडे पाहिलं, आणि संकोचून नजर खाली घेतली. मग विमलाबाई त्याच्या मागून फिरून उजव्या बाजूला आल्या, आणि तो लुळा हात उचलून त्यांनी आपल्या खांद्यावर घेतला.

"बाबा बोलून काहून नाही राहिले, आई?" धर्मेंद्रने विचारलं.

"थकले," त्या म्हणाल्या.

धर्मेंद्रने बापाच्या काठीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर क्षणभर आठी पडली आणि गेली. त्याला जे हवं होतं ते समोर पायरीवर बसलं होतं. त्याने फॉर्मकडे बोट केलं.

"मॅडम, तुम्ही सांगा. राहू शकतात न हे इथं?"

भावनाने पेन उघडलं. अक्षरं तिला नीट दिसेनात. विमलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या नवऱ्याच्या सदऱ्यावरचं जळमट काढत होत्या.

"लिव न, पोरी. चालते म्हनून लिव."

तिने पहिल्या चौकोनात खूण केली आणि खाली सही केली. खोटं तसं त्यात काहीच नव्हतं.

धर्मेंद्र बापाला धरून सावकाश गाडीकडे घेऊन गेला. भावना उजव्या दाराने आत गेली. फळी परत द्यायची होती, आणि खरं सांगायचं तर तिला एकदा पाहायचंही होतं. आठ पावलं चालून ती नालीपाशी पोचली. फळीखालून पाणी बारीक धारेने वाहत होतं. पलीकडे काळोख. तिने कान दिला, पण काही आलं नाही. ती वाकली आणि तिने फळीच्या टोकाला हात घातला.

"राहू दे थे."

विमलाबाई तिच्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांच्या पायांचा आवाज तिला आला नव्हता.

"काकू, काकाजींची मागावर बसायची फळी आहे न ही."

विमलाबाई फळीपलीकडच्या अंधारात बघत होत्या. त्यांचा आवाज स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीतल्या माणसाशी बोलावा इतका साधा होता.

"म्हनूनच म्हनतो, राहू दे. ज्याची हाये त्याले लागन."